झाशीच्या उतारावर स्केटिंग

झाशीत पायाला स्केट बांधलेल्या पोराला पहिला मोह होतो तो किल्ल्याच्या उताराचा. ओरछ्याच्या वीरसिंह देवानं १६१३ मध्ये बंगरा टेकडीवर हा किल्ला बांधला, पुढे मराठ्यांचे सुभेदार नारोशंकर यांनी तो वाढवला, आणि वस्ती पायथ्याशी पसरली. पण किल्ल्याच्या आत स्केट घालू नका. ती संरक्षित वास्तू आहे आणि लोक तिथे राणी लक्ष्मीबाईंच्या ओढीनं येतात. त्यांच्या अंगावर धडकत जाणं बरं दिसत नाही. वर चढणारा रस्ताही गर्दीचा. आपल्याला हवी आहे वस्तीतली, वाहनं क्वचित येणारी एखादी उतरती गल्ली.

पहिला उतार छोटाच घ्या. त्याची उंची मोजायची सोपी रीत आहे. तळाशी उभं राहून नजर अगदी आडवी ठेवा. ती समोरच्या रस्त्याला जिथे टेकते, ती जागा तुमच्या डोळ्यांइतकी, म्हणजे साधारण दीड मीटर उंच. तिथून ब्रेक न लावता सुटलात, तर तळाशी वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास जातो. वारा आणि चाकांचं घर्षण त्यातला थोडा खातं, तेवढंच. उंची चौपट झाली की वेग दुप्पट, म्हणजे सहा मीटरला ताशी चाळीस. सुरुवात दीड मीटरच्या खुणेच्याही खालून करा. उतार संपल्यावर लांब सपाट रस्ता हवाच, आणि पुढे थोडा चढ असेल तर फारच उत्तम. तळाशी चौक असलेला उतार कितीही गुळगुळीत असला तरी सोडून द्या.

स्केट घालण्याआधी तो रस्ता पायी उतरा. बुंदेलखंड ग्रॅनाइटचा मुलूख आहे. बांधकामाची बारीक खडी कडेनं सांडलेली असते आणि एक खडा चाकाखाली अडकला तरी माणूस तोंडावर जातो. गटाराच्या जाळ्या, गतिरोधक, सांडलेलं तेल, सावलीत बसलेली गाय आणि कुत्री, सगळं बघून ठेवा. वेळ पहाटेची, उजाडल्यानंतरची. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी डांबर मऊ पडतं आणि चाकं त्यात रुतून झटका देतात. ओल्या रस्त्यावर तर उतरूच नका.

हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपर आणि गुडघ्याचे पॅड, यांतलं एकही वगळायचं नाही. पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो, म्हणून सगळ्यात आधी मनगट मोडतं.

आता मुख्य काम, थांबणं. ते सपाट जागेवर पक्कं झाल्याशिवाय उताराकडे वळू नका. इनलाइन स्केटच्या एका बुटाला, बहुधा उजव्या, मागे रबरी ब्रेक असतो. दोन्ही गुडघे वाकवा, खुर्चीत बसायला निघाल्यासारखे. ब्रेकचा पाय पुढे सरकवा, इतका की त्याचं मागचं चाक दुसऱ्या बुटाच्या पुढच्या चाकाच्याही पुढे येईल. मग चवडा उचला आणि टाचेवर हळूहळू भार द्या. हात पुढे, नजर लांब. कमरेतून पुढे वाकलात की ब्रेकवरचा भार जातो आणि नुसता घासल्याचा आवाज येतो. नवख्यांचं नेमकं इथेच चुकतं. दोन विटांच्या मध्ये थांबायचं ठरवून सराव करा. दरवेळी तिथेच थांबता आलं, की ब्रेक आला.

उतारावर ब्रेक पहिल्या क्षणापासून लावायचा. वेग वाढू देऊन मग थांबवायला गेलात, तर रबर पुरत नाही आणि पाय थरथरतात. रस्ता रुंद आणि पूर्ण मोकळा असेल तर सरळ न जाता नागमोडी वळणं घ्या. वळताना नजर जिकडे जायचं तिकडे ठेवा, अंग आपोआप मागे येतं. वळण जितकं आडवं, वेग तितका कमी. मागचा पाय आडवा ओढून थांबायची टी-स्टॉपची पद्धत पुष्कळ जण वापरतात. ती यावी, पण उतारावर पहिला भरवसा टाचेच्या ब्रेकवरच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे; त्यात दोन्ही पाय जमिनीवर सरळ राहतात.

पडणार असं वाटलं तर गुडघे वाकवून खाली बसा आणि पुढे गुडघ्यांच्या पॅडवर घसरा. मागे पडू नका.

तळाशी एक माणूस उभा ठेवा. गाडी आली की त्यानं हात वर करायचा, आणि हात दिसला की तुम्ही सुटायचंच नाही. दीड मीटर सहज जमू लागलं की पुढच्या खेपेला दहा पावलं वरून सुटा, त्याहून जास्त नको. घरी आल्यावर ब्रेकचं रबर बघा. उतारावर ते फार लवकर झिजतं, आणि खुणेपर्यंत झिजलं असेल तर नवीन बसवल्याशिवाय पुन्हा उतरू नका. चाकं काढून बेअरिंगमधली धूळ कोरड्या फडक्यानं पुसा. आतल्या बाजूनं जास्त झिजलेली चाकं उलटी करून बसवा.