कुक्कुटखाद्यातील नैसर्गिक पूरके आणि ब्रॉयलर पक्ष्यांचे आरोग्य

दादरमधील एखाद्या चिकनच्या दुकानासमोर क्षणभर थांबावे आणि पिंजऱ्यातील पांढऱ्या कोंबड्यांच्या पायांकडे पाहावे. तळव्यांवर काळ्या खपल्या दिसल्या, तर तो पक्षी बहुधा ओल्या तुसावर वाढला आहे, असे समजावे. शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. मांसाहार करावा की करू नये, हा या लेखाचा प्रश्न नाही. त्याविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. परंतु जो प्राणी आपण पाळतो, त्याचे अल्प आयुष्य कमी क्लेशाचे जावे, याविषयी मतभेद असण्याचे कारण दिसत नाही. शिवाय आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या घरी गावाकडे ब्रॉयलरची शेड आहे, आणि "ही हर्बल पावडर खाद्यात घालावी का?" अशी विचारणा आमच्याकडे वारंवार होते.

ब्रॉयलरचे पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंच्या पुढे जाते. या वेगाचा सारा भार आतड्यावर पडतो. आतड्याच्या अस्तराला सूज आली की खाल्लेले अन्न अंगी लागत नाही, विष्ठा पातळ होते, तूस भिजते, अमोनियाने डोळे चुरचुरतात आणि तळवे सोलवटतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील संशोधकांना असे आढळले, की प्रतिजैविकाची अल्प मात्रा खाद्यात दिल्यास पिल्ले अधिक वेगाने वाढतात. तेव्हापासून निरोगी पक्ष्यांनाही औषध चारण्याची रीत जगभर पसरली. मात्र अल्प मात्रेने सगळे जंतू मरत नाहीत. जे तगतात, त्यांच्यावर पुढे तेच औषध चालत नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देणे पूर्णतः बंद केले. कोलिस्टिन हे औषध रुग्णालयात इतर उपाय थकल्यावर माणसाला दिले जाते. ते अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना व कुक्कुटखाद्यात देण्यावर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. नैसर्गिक पूरकांचा प्रश्न खरा येथे सुरू होतो: औषध काढून घेतल्यावर आतडे कोण सांभाळणार?

आपल्या स्वयंपाकघरातील पदार्थांची नावे यात प्रथम येतात. ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड हे जंतूंच्या आवरणावर आघात करतात. ठेचलेल्या लसणात ॲलिसिन तयार होते. तथापि ते फार अस्थिर असल्याने जुन्या, वाळवलेल्या भुकटीत त्याचा कितीसा अंश उरत असेल, याची शंका घ्यावी. हळदीवर अभ्यास पुष्कळ झाले आहेत. खाद्याच्या पाव ते एक टक्का या प्रमाणात ती देऊन पाहिलेली आढळते. म्हणजे शंभर किलो खाद्यास पाव किलो ते एक किलो. तिच्यातील कर्क्युमिन रक्तात फारसे शोषले जात नाही, पण जेथे काम आहे त्या आतड्यात ते राहतेच. निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. काही ठिकाणी वजन वाढले, काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही. आणि जेथे शेड स्वच्छ व पक्षी निरोगी, तेथे फरक कमी दिसावा हे स्वाभाविकच आहे. बाजारातील स्वस्त पिवळ्या पुडीत लेड क्रोमेटची भेसळ सापडते. म्हणून हळद घालायचीच, तर सांगलीकडची अखंड हळकुंडे आणून दळावीत. शिसे चारून पक्ष्याचे कल्याण होत नाही.

लॅक्टोबॅसिलससारखे उपकारक जंतू आणि यीस्टच्या पेशीभित्तिकेपासून केलेली पूरके यांना शास्त्रीय आधार बरा आहे. जंतूंची पुडी आणि प्रतिजैविक एकाच वेळी देणे मात्र व्यर्थ होय. दुसरे पहिल्याला मारते.

कोकणात पावसाळ्यात आणखी एक संकट असते. दमट मक्यावर बुरशी धरते आणि तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्याचे यकृत बिघडवते. मक्यातील ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास असावा, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावीत. हे न करता वरून हळद भुरभुरवणे म्हणजे गळक्या छपराखाली रंगकाम करणे.

आता एक अडचण, जी पुड्या विकणारे सांगत नाहीत. करार पद्धतीत पिल्ले आणि खाद्य कंपनीचे असते. शेतकऱ्याने त्यात स्वतःचे काही मिसळले तर करार मोडू शकतो. खाद्य त्याच्या हाती नाही, पण पाणी, तूस आणि हवा आहेत. निपलच्या नळ्या प्रत्येक बॅचनंतर धुवाव्यात, निपलची उंची पक्ष्यांच्या वाढीबरोबर वाढवावी, तूस रोज खालीवर करावे, पडदे केवळ थंडीच्या धास्तीने दिवसभर बंद ठेवू नयेत. पर्यवेक्षकाला विचारून पाण्यात सेंद्रिय आम्ल देता येते. मात्र पाण्यातून जिवंत लस द्यायच्या दिवशी आम्ल आणि क्लोरिन दोन्ही बंद ठेवावीत, नाहीतर लस वाया जाते.

आणि मरतूक वाढली, तर पुडी बदलण्याआधी ताजा मेलेला पक्षी उघडून पाहण्यासाठी पशुवैद्यकाकडे न्यावा. पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबईकरांना १८८६ साली स्थापन झालेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय दादरहून अगदी जवळ आहे. आतड्यात रक्त असले तर बहुधा कॉक्सिडिया, आणि त्यावर लसणाचा भरवसा धरून चार दिवस घालवले तर शेड रिकामी होते.