फेब्रुवारीच्या विहिरीवर पेरणी ठरवा

शेतीपाठ : पिकाच्या पाण्याचा हिशेब

(गावातील कार्यकर्त्यांनी हा पाठ रब्बीच्या पेरणीआधी बैठकीत वाचून दाखवावा. हिशेब फळ्यावर मांडावा.)

किनवट-माहूरच्या डोंगरपट्ट्यात गोंड, कोलाम, आंध कुटुंबांची शेती बहुतेक पावसावरची. आता बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून आदिवासी शेतकऱ्याला नवीन विहिरीसाठी अनुदान मिळते. विहीर झाली, पाणी लागले, की घरात आनंद होतो आणि पहिल्याच वर्षी तीन-चार एकर गहू पेरला जातो. डिसेंबरात पीक डोलते. फेब्रुवारीत दाणा भरायच्या वेळी विहीर तळ गाठते. बियाणे, खत, मजुरी सगळे अंगावर येते. यात विहिरीचा दोष नसतो, हिशेब राहून गेलेला असतो. तो हिशेब आज शिकू.

पाणी जाते कुठे?

दिलेल्या पाण्यातले काही जमिनीवरून वाफ होऊन उडते. काही मुळे ओढतात आणि पानांतून हवेत सोडतात. या दोन्हींना मिळून बाष्पोत्सर्जन म्हणतात. ऊन, वारा आणि कोरडी हवा वाढली की ते वाढते. ढग आणि दमटपणा असला की घटते. म्हणून "दर आठ दिवसांनी पाणी" हा नियम बाराही महिने चालत नाही.

मोजायचे कसे?

हवामान केंद्रावर सुमारे १२० सेंमी रुंद आणि २५ सेंमी खोल असे गोल उघडे पात्र असते. त्यातले पाणी रोज किती मिलिमीटर घटले ते मोजतात. पात्रातले पाणी शेतापेक्षा जास्त उडते, म्हणून त्या आकड्याला साधारण ०.७ ने गुणतात. मग पिकाच्या वयाप्रमाणे पीक गुणांकाने गुणतात. गव्हाचा गुणांक रोप लहान असताना ०.३ च्या आसपास असतो, ओंबी येऊन दाणा भरताना १.१५ पर्यंत जातो आणि पिकताना पुन्हा उतरतो.

बाष्पीभवन × ०.७ × पीक गुणांक = पिकाची रोजची गरज (मिमी)

एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. गुंठ्याला सुमारे १०० लिटर. एवढे पाठ करा.

गव्हाचा हिशेब

डिसेंबरअखेर बाष्पीभवन ४ मिमी आणि गुणांक १ धरू. ४ × ०.७ × १ = २.८ मिमी. एकरी रोज ११,२०० लिटर. तुषार संचाने दिलेल्या शंभर लिटरपैकी ७५ लिटर पिकाला लागू पडतात असे धरले, तर विहिरीतून रोज सुमारे १५,००० लिटर काढावे लागेल.

फेब्रुवारीत बाष्पीभवन ६ मिमी आणि गुणांक १.१५ धरू. ६ × ०.७ × १.१५ = ४.८ मिमी. एकरी १९,२०० लिटर, म्हणजे विहिरीतून सुमारे २५,६०० लिटर.

आता विहीर मोजा. पंपाखाली २०० लिटरचा ड्रम धरा. तो ४० सेकंदांत भरला, तर तासाला १८,००० लिटर झाले. डिसेंबरात पंप रोज तीन तास चालत असेल तर ५४,००० लिटर मिळतात. त्यावर साडेतीन एकर गहू भिजेल. फेब्रुवारीत झरे आटून पंप दोनच तास चालला तर ३६,००० लिटर. त्यावर दीड एकरही धड भिजत नाही.

गरज वाढत जाते तेव्हाच विहीर उतरत जाते. म्हणून पेरणीचे क्षेत्र डिसेंबरच्या विहिरीवर न ठरवता फेब्रुवारीच्या विहिरीवर ठरवावे. या उदाहरणातल्या कुटुंबाने एक ते सव्वा एकर गहू करावा आणि उरलेल्या रानात हरभरा घ्यावा. भारी जमिनीत पावसाळ्याची ओल धरलेली असते. तिथे हरभऱ्याला फुलोऱ्याआधी एक आणि घाटे भरताना एक अशा दोन पाळ्यांवर भागते. तो उन्हाचा ताप वाढण्याआधी निघतो. जास्त पाणी दिले तर उलट नुसता माजतो.

जमीन पाहून पाळी

काळी भारी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून दोन पाळ्यांत अंतर जास्त ठेवता येते. डोंगर उतारावरच्या मुरमाड जमिनीत एकदम दिलेले पाणी मुळांखाली निघून जाते. तिथे थोडे पण लवकर लवकर द्यावे. पेरणीआधी दोन्ही रानांत हातभर खणून पाहा.

लातूरची आठवण

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिली गाडी १० वाघिणींची होती, त्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी येऊ लागली, सुमारे २५ लाख लिटरची. आता आपला हिशेब लावा. गव्हाला पूर्ण हंगामात सुमारे ४०० मिमी पाणी लागते, म्हणजे एकरी १६ लाख लिटर. तुषार संचाची तूट धरून २१ लाख. शहराची तहान भागवायला आलेली जवळजवळ अख्खी गाडी एका एकरात मुरते. उसाला तर वर्षाला १५०० मिमीच्या वर लागते. त्यातला काही भाग पावसाने भागला, तरी उरलेले पाणी जमिनीखालूनच उपसावे लागते, आणि ते शेजाऱ्याच्या विहिरीतलेही असते.

आकडे कुठे मिळतील?

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या हवामान सल्ल्यात बाष्पोत्सर्जनाचा वेग वाढला की घटला हे सांगितलेले असते. वेग वाढला असेल तर पाळी एक-दोन दिवस अलीकडे घ्या. नांदेड जिल्ह्यात सगरोळी आणि पोखर्णी येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. तिथे किंवा कृषी सहायकाला आपल्या पिकाचा गुणांक आणि महिन्याचे बाष्पीभवन विचारा. वरचे आकडे शिकण्यासाठी धरलेले आहेत; आपल्या रानाचे आकडे आपण भरायचे.

घरी करून पाहा

१. ड्रम लावून आपल्या पंपाचे तासाचे पाणी मोजा.
२. गेल्या फेब्रुवारीत पंप रोज किती तास चालला, ते घरातल्या सगळ्यांना विचारून लिहा. पाणी भरणाऱ्या बायांना ते नेमके आठवते.
३. त्यावरून यंदा किती गुंठे गहू झेपेल ते काढा आणि पुढच्या बैठकीत सांगा.