गाडीच्या चाकातील लाकूड

दसरा-दिवाळी सरली की आपल्या पाटोदे तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे बैल घेऊन ऊसतोडीस निघतात. त्यांच्या गाड्यांस आता रबरी चाके असतात. जुने लाकडी चाक एखाद्या गोठ्याच्या भिंतीस टेकून उभे असेल. ते एकवार निरखून पाहावे, एवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

इंग्लंडातील गाडी करणारा सुतार एका चाकात तीन जातींची लाकडे घाली. मधल्या तुंब्यास एल्म, आऱ्यांस ओक आणि बाहेरच्या वाटोळ्या पुठ्ठ्यांस अ‍ॅश. अ‍ॅशचे तंतू लांब व सरळ असतात. त्यामुळे ते लाकूड हिसका सोसते, लवते, पण सहसा मोडत नाही. म्हणूनच घोडागाड्यांचे दांडे, कुऱ्हाडीचे दांडे आणि पुढे मोटारींचे सांगाडेही त्याचेच झाले. मॉर्गन ह्या मोटारींत ते आजही वापरतात. ह्या वृक्षाचे भाईबंद आपल्या देशात हिमालयात आढळतात. बालाघाटाच्या डोंगरात नाहीत.

मग आपल्या सुताराने काय केले? त्याच्यापाशी बाभूळ होती. बाभळीचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. तुंब्याला सभोवार आऱ्यांसाठी भोके पाडावी लागतात. सरळ तंतूंचे लाकूड तेथे उभे चिरते, बाभूळ चिरत नाही. आरे व पुठ्ठेही बहुधा तिचेच करीत. लाकूड तोडल्यावर ते पाण्यात बुडवून ठेवीत व मग सावलीत वाळवीत. घाई करणाऱ्याचे चाक पहिल्याच उन्हाळ्यात खुळखुळे. (बांधावर माजणारी वेडी बाभूळ ती ही नव्हे, ती अमेरिकेतून आलेली, निराळ्या जातीची आहे.) जेथे धावडा मिळे तेथे त्याचा आख करीत; इंग्रजीत त्या झाडास आखाचे लाकूड असेच नाव पडले आहे. अ‍ॅशसारखे लवचिक लाकूड पाहिजे असल्यास धामण, जिची धनुष्येही होत.

आता धाव. साडेचार फूट उंचीच्या चाकाचा परीघ सुमारे 14 फूट, म्हणजे 168 इंच भरतो. लोहार लोखंडी धाव मुद्दाम किंचित आखूड करी आणि गोवऱ्यांच्या आगीत तापवी. लोखंड दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाखांश भागाच्या सुमारे 12 पट वाढते. उष्णता 500 अंशांनी वाढली तर 168 इंचांत किती वाढ होईल, हे वरच्या वर्गातील मुलांनी स्वतः मांडून पाहावे. उत्तर सुमारे 1 इंच येईल. तापलेली धाव चाकावर ठोकून बसवीत व लगेच पाणी ओतीत. ती आकसताच आरे, पुठ्ठे, तुंबा हे सर्व एकमेकांत गच्च आवळले जात. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली की गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करीत. लाकूड फुगे व काम भागे.

आऱ्यांचे चाक मनुष्यास आरंभापासून साधले नव्हते. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे, 1974 साली एका शेतकऱ्यास ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे, व त्याची चाके भरीव आहेत. ह्या मूर्तींच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पुष्कळ जण त्या साडेतीन ते चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. त्या रथातही बैलांच्या मानेवर आडवे जू आहेच.

जुवाविषयी थोडे सांगितलेच पाहिजे. प्रभू येशू नाझरेथात नांगर व जुवे करीत असे, असे दुसऱ्या शतकातील जस्टिन मार्टर लिहून गेला आहे. जू करणे हे हलके काम नव्हे. दोन चाकांच्या गाडीत पुढल्या बाजूस ऊस अधिक रचला, तर तेवढा भार सरळ मानेवर येतो. मागे अधिक झाला तर जू वर उचलते व गळ्यास आवळ बसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, खांद्यास तूप-हळद चोळतो. परंतु खडबडीत जू पुढे महिनोन्‌महिने घासत राहिले, तर त्या एका दिवसाने काय होणार? कारखान्यावर दोन टनांच्या आसपास ऊस ओढणाऱ्या बैलास खांदेसूज आली म्हणजे घरची मजुरीच बंद पडते. तरी ज्यांचे बैल ह्या वर्षी जावयाचे आहेत, त्या पालकांनी निघण्यापूर्वी जुवाची खालची बाजू हाताने चाचपून पाहावी, चीर वा गाठ लागल्यास रंधून घ्यावी, आणि हे काम आपल्या मुलास शेजारी बसवून करावे.