घंटा नसलेल्या गावी दररोजची भक्ती

पाठासाठी शास्त्रभाग : स्तोत्र ५५:१६–१७; दानीएल ६:१०; अनुवाद ६:४–९; लेवीय १९:३५–३६; कलस्सै ३:१७.



आठवड्याचे दिवस सात. त्यांपैकी एक प्रभूचा, हे आपण सर्व जाणतो. परंतु उरलेले सहा कोणाचे, हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत क्वचितच विचारला जातो. रविवारी स्वच्छ वस्त्रे घालून, गीतांचे पुस्तक हाती घेऊन उपासनेस जाणारा मनुष्य सोमवारी डवरा धरून शेतात उभा राहतो, तेव्हा त्याचा विश्वास त्याच्याबरोबर शेतात येतो, की पुस्तकाबरोबर फळीवर राहतो? ह्या पाठात आम्ही ह्याच गोष्टीचा विचार करणार आहो.

शहरातील विश्वासणाऱ्यांपेक्षा खेड्यातील विश्वासणाऱ्यांस हा प्रश्न अधिक जाचतो. बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे ह्यासारख्या गावी एखाददुसरेच ख्रिस्ती घर असेल, तर त्या घराने काय करावे? पाळकसाहेबांचे येणे महिन्यातून एकदा. नाल्यांस पूर आला तर तेही नाही. उपदेशकाकडे अनेक गावे. ख्रिस्तमंदिर दूर. रविवारीही कधी पेरणीची घाई, कधी वेचणीची. अशा घरचा धर्म जर केवळ मंदिराच्या भिंतीस टेकून उभा असेल, तर तो आजोबांच्या ठायी खरा असेल, बापाच्या ठायी नावापुरता राहील, आणि नातवाच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर तेवढा उरेल. तेव्हा हा प्रश्न लहान नव्हे. आपल्या मुलांच्या विश्वासाचा हा प्रश्न आहे.

ह्याविषयी काही शिकावे म्हणून आम्ही वाचकांस आज आपल्या रोमन कॅथोलिक बंधूंच्या घरी नेत आहो. कित्येकांस ह्याचे नवल वाटेल. त्यांच्या आपल्या मतांत भेद आहेत, ते आम्ही झाकून ठेवीत नाही. देव आणि मनुष्ये ह्यांमध्ये मध्यस्थ एकच, तो ख्रिस्त येशू, असे आपण १ तीमथ्य २:५ वरून शिकलो आहो. म्हणून मरीयेस अथवा संतांस विनंती करणे आपणांस मान्य नाही. तथापि काळ पालटला आहे. १९६४ साली रोम येथील परिषदेने प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांस बंधू म्हणून संबोधले. आणि १९९९ साली जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरी लूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ व रोमन मंडळी ह्यांनी, मनुष्य देवाच्या कृपेने नीतिमान ठरतो ह्याविषयीच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. शेजाऱ्याच्या शेतात चांगले पीक दिसले तर त्याने पेरणी कशी केली हे विचारण्यात कमीपणा कसला?

पहिली गोष्ट घंटेची. कॅथोलिक गावांत पहाटे, दुपारी व सायंकाळी अशी दिवसातून तीन वेळा ख्रिस्तमंदिराची घंटा वाजविण्याची जुनी चाल आहे. देवदूताने मरीयेस सांगितलेला निरोप आणि शब्द देही झाला ही गोष्ट त्या वेळी ते स्मरतात. घंटा कानी पडली म्हणजे शेतातला मनुष्य क्षणभर औत थांबवी, चुलीपुढची बाई हात थांबवी. गोव्यातील घरांत सायंकाळच्या प्रार्थनेनंतर लहानांनी वडीलधाऱ्यांपुढे जाऊन आशीर्वाद मागावा, अशी रीत आहे. ह्या प्रार्थनेचे काही शब्द आपण उच्चारणार नाही. परंतु तीन वेळा थांबणे हे रोमचे नव्हे, शास्त्राचे आहे. संध्याकाळी, सकाळी व दुपारी आपण देवाला हाक मारतो, असे स्तोत्रकर्ता म्हणतो. दानीएलाने राजाचा मनाईहुकूम ऐकूनही घरी जाऊन, पूर्वीप्रमाणेच, दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले. 'पूर्वीप्रमाणेच' हा शब्द लक्षात ठेवावा. संकटाच्या दिवशी त्याला प्रार्थना शिकावी लागली नाही. त्याच्या गुडघ्यांस ती अगोदरच ठाऊक होती.

आता कोणी म्हणेल, "त्यांच्या गावी घंटा आहे, आमच्या गावी कोठे आहे?" ह्याचे उत्तर वसईच्या इतिहासात मिळते. वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली व १७३९ सालच्या मे महिन्यात चिमाजी अप्पाच्या सैन्याने ती जिंकली. पोर्तुगीज अमलात धर्माच्या नावाने जी बळजबरी झाली तिचे समर्थन आम्ही करीत नाही. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्या अमलाच्या शेवटानंतरचे. किल्ल्यातील मोठमोठी ख्रिस्तमंदिरे ओस पडली. त्यांच्या भिंती आजही उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत. युरोपियन पाद्री निघून गेले, मोजके देशी पाद्री मागे राहिले. घंटाही विजयाची खूण म्हणून नेण्यात आल्या. नाशिकच्या नारोशंकर देवळाची घंटा आणि भीमाशंकराची घंटा ह्या त्या मोहिमेतल्याच होत, असे सांगतात. राजा गेला, सत्ता गेली, घंटा गेली. मग विश्वास गेला काय? काही लोक मागे फिरले असतील. परंतु पुष्कळ टिकून राहिले. दिवेलागणीस सारे घर एकत्र बसून प्रार्थना म्हणत असे. आईने म्हणावे, मुलांनी तिच्या मागून म्हणावे. ज्यांस राजाश्रयामुळे ख्रिस्ती झालेले म्हणत, त्यांची नातवंडे-पतवंडे राजाश्रयावाचून ख्रिस्ती राहिली. १९९८ साली वसईस स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आणि तेथील उपासना आज मराठीत चालते. घंटा गेल्या, पण घरची प्रार्थना राहिली. आणि घरची प्रार्थना राहिली म्हणून मंडळी राहिली.

दुसरी गोष्ट एका ग्रंथाची. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज येशूसंघी पाद्री १५७९ साली गोव्यास आला आणि १६१९ साली ह्याच देशात मरण पावला. पूर्वी आम्ही पुराणे ऐकत होतो, आता आम्ही काय ऐकावे, असे नव्या ख्रिस्ती लोकांच्या मनात येई. त्यांच्यासाठी त्याने ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. ओव्या दहा हजारांहून अधिक, आणि भाषा मराठी. परकीय मनुष्याने आपल्या लोकांच्या चालीत, आपल्या लोकांच्या ओवीत तारणाची कथा सांगितली. गोव्याहून दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो ग्रंथ जपला, हाताने उतरून घेतला, घरी वाचला. आणि १९०७ साली तो मंगळुरास पुन्हा छापण्यात आला. ह्यावरून हे शिकावे की, जे घरात मोठ्याने म्हटले जाते ते मरत नाही. आपणांजवळ तर संपूर्ण शास्त्र मायबोलीत आहे, टिळकांची भजने आहेत. परंतु पेटीत कुलूपबंद असलेल्या शास्त्रापेक्षा आजीच्या तोंडी असलेल्या दहा वचनांनी घर अधिक राखले जाते. घरी बसता, वाटेने चालता, निजता व उठता देवाची वचने मुलांच्या मनावर बिंबवा, ही आज्ञा अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि ती पाळकास नव्हे, आईबापांस आहे.

तिसरी गोष्ट दूर देशची आहे. परंतु उपदेशक नसलेल्या गावाने ती अवश्य ऐकावी. जपानात १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. छळ इतका झाला की १६४४ साली शेवटचा पाद्रीही मारला गेला. त्यानंतर दोनशे वीस वर्षे तेथे पाद्री नाही, मंदिर नाही, छापील शास्त्र नाही. परंतु नागासाकीजवळच्या उराकामी गावच्या शेतकऱ्यांनी आपसांत कामे वाटून घेतली : एकाने सणावारांचे दिवस मोजून ठेवावे, एकाने बालकांस बाप्तिस्मा द्यावा, एकाने घरोघर निरोप पोहोचवावा. १८६५ सालच्या १७ मार्च रोजी नागासाकीच्या नव्या ख्रिस्तमंदिरात काही गावकरी आले आणि तेथील फ्रेंच पाद्र्यास हळूच म्हणाले की, आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. त्यांनी मरीयेच्या मूर्तीविषयी विचारले, ही गोष्ट आपल्या मतास मिळणारी नाही. तरी सहा-सात पिढ्या एका नावाला धरून राहिलेल्या त्या शेतकऱ्यांपुढे आमची मान लवते. बंदी १८७३ साली उठली. त्यांच्यात शिकलेला पंडित नव्हता. दिवस मोजणारा एक, पाणी देणारा एक आणि निरोप नेणारा एक, एवढ्यांवर देवाने आपली मंडळी राखली.

येथे एक सावधगिरीची सूचना. नुसती वेळ पाळल्याने भक्ती होत नाही. व्यर्थ बडबड करू नका, असे प्रभूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. परंतु लगेच त्याच ठिकाणी त्याने शिष्यांस ठरलेल्या शब्दांची एक प्रार्थनाही दिली. तेव्हा दोष ठरलेल्या शब्दांत नाही, रिकाम्या मनात आहे. घंटा देवाकडे वळण्यासाठी आहे. आणि एका घंटेपासून दुसऱ्या घंटेपर्यंतचे काम हीच त्या वळण्याची कसोटी आहे.

सतराव्या शतकात पॅरिस शहरी कार्मेल मठात लॉरेन्स नावाचा एक बंधू होता. पूर्वी तो शिपाई होता. जखमेने लंगडा झालेला. मठात त्यास स्वयंपाकघराचे काम मिळाले. पुढे तो पायताणे दुरुस्त करी. भांड्यांच्या खडखडाटात आणि गुडघे टेकून केलेल्या प्रार्थनेत देव सारखाच जवळ असतो, हा त्याचा अनुभव होता. तो १६९१ साली मेला. त्याची पत्रे व त्याच्याशी झालेली संभाषणे पुस्तकरूपाने निघाली, आणि प्रॉटेस्टंट लोकांनीही ते पुस्तक आवडीने वाचले. पौलाने कलस्सैकरांस हेच लिहिले : बोलणे असो की करणे, सर्व काही प्रभू येशूच्या नावाने असावे.

आता हे आपल्या वऱ्हाडात कसे लागू होते ते पाहा. आपल्या कामाची जागा कापसाचे शेत. वेचणीच्या दिवसांत सायंकाळी वेचलेला कापूस मोजला जातो आणि त्या वजनावर वेचणाऱ्या बाईची मजुरी ठरते. तागडी कोणाच्या हाती आहे? ती ख्रिस्ती माणसाच्या हाती असेल, तर त्या क्षणी त्याची प्रार्थना चालू आहे, मग त्याचे ओठ मिटलेले का असेनात. आणि वेचणारी ख्रिस्ती असेल, तर ओझे जड व्हावे म्हणून तिने कापसात दगडमाती घालू नये. व्यापाऱ्याकडे गाडी नेताना कापसावर पाणी मारणे, धान्याच्या पोत्यात वर चांगले व खाली किडके भरणे, उधारी नाकारणे, ह्या गोष्टी 'सर्वच करतात' म्हणून निर्दोष होत नाहीत. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तागडी व खरी वजने ह्यांची आज्ञा देवाने स्वतःच्या नावाने दिली आहे. तुमच्या गावचे शेजारी तुमचे उपदेश ऐकावयास येणार नाहीत. पण तुमचे माप ते रोज पाहतात.

कॅथोलिक बंधूंची आणखी एक चाल घेण्याजोगी आहे. गोव्यात नव्या भाताची कणसे प्रथम ख्रिस्तमंदिरात आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. मुंबईकडील मराठी बोलणारे जुने कॅथोलिक लोकही ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा नावाचा असाच सण करतात. पहिली पेंढी परमेश्वरापुढे आणावी, हे लेवीय २३:१० मध्ये आहेच. आपल्याकडे भात नसले तर ज्वारीचे कणीस आहे, कापसाचे पहिले बोंड आहे. ते घरच्या प्रार्थनेच्या वेळी मध्ये ठेवून मुलांच्या देखत उपकारस्तुती करावी, आणि पहिल्या पैशातून काही गरिबासाठी काढून ठेवावे. मुलास पुष्कळ उपदेश विसरतील. हे बोंड विसरणार नाही.

शेवटी उपदेशकबंधूंस चार शब्द. गावी गेलात म्हणजे केवळ आपण प्रार्थना करून परतू नका. त्या घरच्या माणसांकडून करवून घ्या. एकीस सायंकाळची प्रार्थना चालविण्यास नेमा, एकास वचन म्हणण्यास, एका मुलास शेजारच्या वस्तीतील ख्रिस्ती घरी निरोप नेण्यास. उराकामीच्या शेतकऱ्यांनी जे छळात केले ते आपण मोकळीकीत करू नये काय? तुमची खरी परीक्षा तुम्ही गावात असताना होत नाही. तुम्ही नसता त्या घरी दिवेलागणीस काय चालते, ह्यावरून होते.

तुमच्या गावी घंटा नसेल. कोंबडा आरवतो, न्याहरीची भाकर सुटते, सायंकाळी गुरे घरी येतात. ह्यांनाच आपली घंटा माना. त्या तीन वेळी घरात असा वा शेतात, उभ्या उभ्या प्रभूची प्रार्थना म्हणा, एक नाव देवापुढे घ्या, आणि पुन्हा कामास लागा. ही घंटा कोणी काढून नेऊ शकत नाही.

विचार करण्याजोगे प्रश्न

१. दानीएलाने मनाईहुकुमानंतर नवीन काय केले? काहीच नाही, तर त्याचे धैर्य कशात होते?
२. घंटा व सत्ता गेल्यावर वसईच्या ख्रिस्ती लोकांजवळ काय उरले? उद्या उपदेशक न आल्यास आपल्या घरी काय उरेल?
३. ठरलेल्या शब्दांची प्रार्थना केव्हा व्यर्थ होते, आणि केव्हा होत नाही?
४. गेल्या आठवड्यात आपल्या मापात, वजनात अथवा बोलण्यात प्रभूच्या नावाने करता न येण्याजोगे काही झाले काय? झाले असल्यास ते कोणाकडे जाऊन नीट करावयाचे?

हा पाठ घरी एकाने वाचावा, इतरांनी ऐकावा, आणि आज सायंकाळी गुरे परत येतील त्या वेळीच आरंभ करावा.