भूल देणारी नर्स : प्रवेशाच्या अटी आणि शिक्षणाची वाट



दहावीचा निकाल जवळ आला की शाळेत करिअरविषयी प्रश्न सुरू होतात. त्यातला एक नेहमीचा प्रश्न असा, की अमेरिकेत म्हणे भूल देणाऱ्या नर्सला फार मोठा पगार मिळतो, ते शिकायला कुठे जायचे? ऐकीव माहिती खोटी नाही. नर्सिंगमधील सर्वांत जास्त पगाराच्या कामांत हे काम मोडते. पण तिथवर पोचायला किती पायऱ्या आहेत आणि कोणत्या पायरीवर काय मागतात, हे फारसे कुणी सांगत नाही. ते या लेखात पाहू.

भूल म्हणजे नुसती झोप नव्हे

मोठ्या शस्त्रक्रियेत भूल देणाऱ्याला तीन गोष्टी साधाव्या लागतात. रुग्णाची शुद्ध हरपली पाहिजे, वेदना थांबली पाहिजे आणि स्नायू सैल झाले पाहिजेत. स्नायू सैल करणाऱ्या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो. प्राणवायू काही मिनिटे जरी मिळाला नाही, तरी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे नाडी, रक्तदाब, श्वास आणि रक्तातील प्राणवायू यांवर क्षणोक्षणी नजर ठेवावी लागते.

इथे शाळेतले गणितही कामी येते. समजा, औषधाचे प्रमाण किलोमागे २ मिलिग्रॅम आहे आणि रुग्णाचे वजन ६० किलो आहे. एकूण औषध १२० मिलिग्रॅम झाले. कुपीतील एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असेल, तर सिरिंजमध्ये १२ मिलिलिटर घ्यावे लागेल. दशांशचिन्ह एक घर सरकले, तर औषध दहापट होते किंवा एक दशांश उरते. परीक्षेत अशा चुकीला एक गुण जातो. इथे जीव जाऊ शकतो.

नर्सकडे हे काम कसे आले?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली. पुढे शस्त्रक्रिया वाढल्या. पण भूल देणाऱ्या शिकाऊ डॉक्टरचे लक्ष रुग्णाच्या श्वासापेक्षा शस्त्रक्रियेकडेच असे. म्हणून अमेरिकेतील शल्यविशारदांनी हे काम नर्सकडे सोपवायला सुरुवात केली. मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे मेयो बंधूंकडे काम करणाऱ्या ॲलिस मॅगॉ या नर्सने १९०६ साली आपल्या १४,००० हून अधिक भुलींचा अहवाल छापला. त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू झाला नव्हता. नर्सने भूल देणे कायदेशीर आहे की नाही, हा वाद कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३६ साली निकाल नर्सच्या बाजूने लागला.

आपल्या हैदराबादचेही या इतिहासात नाव आहे. क्लोरोफॉर्म कितपत सुरक्षित आहे, हे तपासण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली निजामांच्या मदतीने डॉ. एडवर्ड लॉरी यांनी इथेच दोन आयोग भरवले. इथे क्लोरोफॉर्म देणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांची गणना जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत होते. रूपाबाई मात्र वैद्यकाच्या विद्यार्थिनी होत्या. आपल्याकडे भूल देण्याचे काम डॉक्टरांकडेच राहिले आणि आजही तसेच आहे. एम.बी.बी.एस. नंतर एम.डी. किंवा डी.एन.बी. करून भूलतज्ज्ञ होता येते. नर्सने स्वतः भूल देण्याची पद्धत भारतात नाही.

अमेरिकेतील प्रवेशाच्या अटी

१. नर्सिंगमधील किंवा मान्य असलेल्या दुसऱ्या योग्य विषयातील पदवी.

२. अमेरिकेतील नोंदणीकृत नर्सचा निर्दोष परवाना. त्यासाठी एन्क्लेक्स-आर.एन. ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

३. अतिदक्षता विभागात नर्स म्हणून किमान एक वर्ष पूर्णवेळ काम. हा अनुभव अमेरिकेतील किंवा अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयातलाच धरला जातो.

४. चांगले गुण. बऱ्याच ठिकाणी चारपैकी किमान तीन गुणांक मागतात. रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि संख्याशास्त्राकडे विशेष पाहतात.

५. शिफारसपत्रे आणि मुलाखत. एखाद्या भूलतज्ज्ञ नर्सबरोबर थांबून काम पाहिल्याचा दाखलाही अनेक ठिकाणी मागतात.

तिसऱ्या अटीचे कारण समजून घ्या. अतिदक्षता विभागातील रुग्ण यंत्रावर श्वास घेत असतो. रक्तदाब टिकवणारी औषधे थेंबाथेंबाने चालू असतात. पडद्यावरचा आकडा बदलला, की तो का बदलला आणि आता काय करायचे, हे नर्सला त्याच क्षणी कळावे लागते. भूल देताना नेमके हेच लागते. म्हणून एक वर्ष ही कागदावरची अट असली, तरी निवड झालेल्या अनेकांचा अनुभव त्याहून जास्त असतो.

अभ्यासक्रम

पूर्वी हे शिक्षण पदव्युत्तर पदवीचे होते. १ जानेवारी २०२२ पासून नवीन प्रवेश फक्त डॉक्टरेटच्या अभ्यासक्रमाला मिळतो. मुदत किमान ३६ महिने. त्यात विद्यार्थ्याला किमान ६०० रुग्णांना भूल द्यावी लागते आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचे २,००० तास भरावे लागतात. या काळात पूर्णवेळ नोकरी करणे जवळजवळ अशक्यच, म्हणून बहुतेक जण कर्ज काढतात. शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा. ती उत्तीर्ण झाल्यावरच सी.आर.एन.ए. ही उपाधी नावापुढे लावता येते. पुढेही ज्ञान अद्ययावत ठेवल्याचा पुरावा ठरावीक मुदतीने द्यावा लागतो.

आपल्या मुलामुलींची वाट

या वाटेची पहिली पायरी दहावीनंतर लगेच येते. इंटरला बायपीसी घ्यावे. बी.एस्सी. नर्सिंगसाठी खुल्या गटात भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात आणि इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते. मुलांनाही प्रवेश मिळतो. पदवीला चार वर्षे लागतात. जी.एन.एम. पदविका झालेल्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येते.

परदेशी जायचेच असेल, तर पुढे एन्क्लेक्स, इंग्रजीची परीक्षा, कागदपत्रांची तपासणी आणि व्हिसा. एन्क्लेक्सचे केंद्र हैदराबादेतही आहे. भारतीय नर्सला अमेरिकेत कायम राहण्याच्या व्हिसासाठी अनेक वर्षे थांबावे लागते. त्यानंतर तिथल्या अतिदक्षता विभागातील अनुभव आणि वर तीन वर्षांचा अभ्यास. आज दहावीत असलेल्या मुलीला हे सारे पूर्ण करायला तिशी उलटेल, असा हिशेब मनात ठेवावा.

इथेच राहायचे असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. गंभीर रुग्णांची सेवा करण्याची ज्यांना आवड आहे, त्यांनी त्याची चौकशी जरूर करावी.

पालकांसाठी

भूलतंत्रज्ञाचा अभ्यासक्रम आणि नर्सिंग या दोन वेगळ्या वाटा आहेत. शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाला साहाय्य करणारा तंत्रज्ञ महत्त्वाचे काम करतो. पण त्या शिक्षणावर नर्सचा परवाना मिळत नाही आणि परवान्याशिवाय वर सांगितलेला प्रवेश नाही. 'दोन वर्षांत भूल देणारी नर्स, थेट अमेरिका' असे कुणी सांगू लागला, तर पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. या शिक्षणाने नर्स म्हणून नोंदणी होते का? संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे का? ती लेखी दाखवता का? उत्तर टाळले, तर तिथून उठून यावे.

आणखी एक गोष्ट. 'नर्सच व्हायचे का?' असे म्हणून मुलीला गप्प करू नका. ज्या कामासाठी डॉक्टरेट लागते आणि ज्यात दुसऱ्याचा श्वास आपल्या हाती असतो, त्याची सुरुवात याच पदवीने होते.

स्वाध्याय

१. रुग्णाचे वजन ४५ किलो, प्रमाण किलोमागे २ मिलिग्रॅम आणि कुपीतील एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. सिरिंजमध्ये किती मिलिलिटर घ्याल?

२. प्रवेशासाठी अतिदक्षता विभागातील अनुभव का मागतात, ते पाच ओळींत लिहा.

३. भूलतज्ज्ञ डॉक्टर, भूल देणारी नर्स आणि भूलतंत्रज्ञ यांच्या शिक्षणातील फरक तक्त्यात मांडा आणि तो घरी पालकांना समजावून सांगा.