दुसरा स्पर्श

शास्त्रपाठ : मार्क ८:२२-२६

बेथसैदा येथील आंधळ्यावर हात ठेवून प्रभूने त्याला काही दिसते काय, असे विचारले. ही जणू नेत्रतपासणीच होय. माणसे झाडांसारखी भासतात, हे त्याने प्रांजळपणे सांगितले आणि त्याला दुसरा स्पर्श लाभला.

फिरत्या मोफत नेत्रशिबिरात स्वयंसेवक सहा मीटरवरील तक्ता वाचावयास लावतात. अक्षरे अंधुक दिसल्यास डोळ्यापुढे बारीक छिद्राची चकती धरतात. त्यातून स्पष्ट दिसले तर बहुधा चष्मा पुरतो. न दिसल्यास मोतीबिंदू वा अन्य विकार शोधावा लागतो. परंतु तपासणीने दोष कळतो, दृष्टी लाभत नाही. म्हणूनच १९९१ साली सुरू झालेल्या जीवनरेखा एक्स्प्रेस या रुग्णालय-गाडीत शस्त्रक्रियेचीही सोय आहे.

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळीने शिबिर भरविले, नावे नोंदविली. पण जिला शस्त्रक्रिया सांगितली त्या वृद्धेला इस्पितळात कोणी नेले? आंधळ्याला प्रभूकडे आणणाऱ्यांची नावे शास्त्रात नाहीत. तरी त्यांच्यावाचून तो तेथे पोहोचला नसता. प्रभूनेही अर्धवट दृष्टीवर कार्य थांबविले नाही.

मननासाठी : मला अंधुक दिसते, हे मी प्रभूजवळ कबूल करतो काय? मी कोणाला अर्ध्या वाटेवर सोडले आहे?