नेटवर्किंगला घालायचंय? आधी पाया बघा

दहावी-बारावीचा निकाल लागला की राजुरी-आळेफाटा पट्ट्यात घरोघरी एकच चर्चा: पोराला कॉम्प्युटरला घालायचं, पण कॉम्प्युटरमध्ये नेमकं कशाला? बहुतेकांना प्रोग्रॅमिंगच सुचतं. नेटवर्क सांभाळणं हेही करिअर आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

आपल्याच जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी दाटीने, बाकीच्या १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रत्येकीचा सिग्नल ऑप्टिकल फायबरने मध्यवर्ती इमारतीत येतो. सहलीला गेलेल्या मुलांना अँटेना आठवतात, फायबर कुणाला आठवत नाही. पण तीच तुटली, तर अँटेना असून नसल्यासारखी. पतसंस्था, दवाखाना, कॉलेज, सगळीकडे हीच गत आहे.

काम काय असतं?

पतसंस्थेत ‘नेट गेलं’ अशी ओरड झाली की जाणकार आधी केबल आणि स्विचवरचा दिवा बघतो. मग राउटरला पिंग करतो. त्याचा पत्ता बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो. उत्तर आलं, तर बाहेरच्या ८.८.८.८ ला. तिथूनही उत्तर येतंय आणि तरी वेबसाइट उघडत नाही, तर पहिला संशय डीएनएसवर. राउटर नुसता बंद-चालू करून बघणारे पुष्कळ असतात; पगार मिळतो तो बिघाडाचं कारण शोधणाऱ्याला.

काय शिकायचं?

आयपी पत्ता, सबनेट, स्विच आणि राउटरमधला फरक, डीएचसीपी, डीएनएस, व्हीलॅन आणि थोडं लिनक्स. ‘/२४’च्या नेटवर्कमध्ये पत्ते २५६, मग उपकरणांना २५४च का? पहिला पत्ता खुद्द नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा, हे न अडखळता सांगता आलं की सबनेटची सुरुवात झाली म्हणायची. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर मोफत मिळतं. हातानेही काम करा: आरजे-४५ कनेक्टर क्रिम्प करा, आठ तारांचा रंगक्रम पाठ करा, तांब्याची लॅन केबल १०० मीटरपर्यंतच का टाकतात ते समजून घ्या.

वाट कोणती?

दहावीनंतर तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा किंवा बारावीनंतर बीसीए, बीएस्सी. सोबत सिस्कोची सीसीएनए परीक्षा देता येते; तिला पदवीची अट नाही. मात्र फी ३०० डॉलर, म्हणजे २५ हजार रुपयांच्या वर. तयारी पक्की झाल्याशिवाय अर्ज भरू नका.

पालकांसाठी

‘शंभर टक्के नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला तीन प्रश्न विचारा: मुलांच्या हातात खरे राउटर-स्विच देता का? शिकवणाऱ्याने स्वतः नेटवर्क सांभाळलंय का? मागच्या बॅचच्या मुलांशी बोलता येईल का? उत्तर देताना टाळाटाळ झाली, तर पैसे भरू नका. पहिली नोकरी बहुधा हेल्पडेस्कची किंवा नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षातली असते. तिथे रात्रपाळी येते, पगारही सुरुवातीला बेताचाच असतो. याची घरात आधीच चर्चा करा.

क्लासची फी भरण्यापूर्वी तीन महिने घरीच पॅकेट ट्रेसरवर रोज तासभर बसू द्या. तीन महिन्यांनंतरही बिघाड शोधायची गोडी टिकली, तर मुलाला किंवा मुलीला बिनधास्त या वाटेने जाऊ द्या.